इमानदार कोण? परंड्याचा किल्ला आणि संगणकावरचा एक खेळ

परंड्याचा भुईकोट किल्ला पाहायला लोक येतात. खंदक, बुरूज आणि तोफा पाहून परत जातात. पण या तटाच्या आत सव्वाचारशे वर्षांपूर्वी जे राजकारण शिजले ते तोफांपेक्षा अधिक स्फोटक होते, याची माहिती फार थोड्यांना असते.

इ. स. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर जिंकले आणि निजामशहाला कैद केले. राज्य बुडाले असे सर्वांना वाटत असतानाच एका सरदाराने राजघराण्यातील दुसरा वारस शोधून काढला. दुसरा मूर्तझा निजामशहा म्हणून त्याला गादीवर बसविले आणि परंडा ही राजधानी केली. हा सरदार म्हणजे मलिक अंबर. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला, लहानपणी बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला आणि एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेलेला हा माणूस. ज्याची किंमत बाजारात ठरली, तोच पुढे राजा कोण हे ठरवू लागला!

परंतु तो राजाशी इमानदार होता काय? त्याने आपली मुलगी राजाला दिली आणि कारभार मात्र स्वतःच्या हाती ठेवला. राजू दखनी हा दुसरा सरदारही याच राजाच्या नावाने लढत होता. राजाने अंबरविरुद्ध राजूशी आतून संधान बांधले. अंबरने राजूचा पाडाव केला. १६१० मध्ये राजा मरण पावला. अंबरनेच त्याला विष देवविले असे इतिहासकार सांगतात. आणि हाच अंबर जमिनीची प्रत पाहून सारा ठरवितो, खडकी शहर वसवितो, तेथे नहर आणतो आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजत राहतो. आता सांगा, याला इमानी म्हणायचे की बेइमान?

हा प्रश्न आज आपल्या मुलांपुढे वेगळ्याच वाटेने येतो. संगणकावर कथा खेळण्याचे खेळ असतात. त्यात गोष्ट पुढे कशी जावी हे खेळणारा ठरवितो. कॅनडातील बायोवेअर कंपनीने २००९ मध्ये काढलेला 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' हा त्यातला एक गाजलेला खेळ. राक्षस, जादू, तलवारी हे सारे त्यात आहेच. पण त्यातील ऑर्झमार या बुटक्यांच्या भुयारी नगरीची गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

या नगरीत जाती आहेत. वर सरदार, मग योद्धे, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणकामगार आणि नोकर. या सर्वांच्या बाहेर 'जातिबाह्य' लोक. त्यांच्या तोंडावर जन्मतःच खूण गोंदली जाते. त्यांना प्रतिष्ठेचे काम नाही आणि शस्त्राच्या मानाच्या स्पर्धेत उतरण्याचा हक्क नाही. खेळणारा स्वतः जातिबाह्य म्हणून जन्म घेऊ शकतो. तसा घेतला तर दुसऱ्याचे चिलखत घालून तो स्पर्धा जिंकतो, ओळख उघडी पडते आणि विजेत्याला बक्षिसाऐवजी तुरुंग मिळतो. आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवल्याशिवाय राहील काय?

पुढे राजा मरतो. गादीवर दोघे हक्क सांगतात. हॅरोमाँट हा मृत राजाचा विश्वासू, सभ्य, शब्दाला जागणारा सरदार. भेलेन हा राजपुत्र, पण भावांचा काटा काढून पुढे आलेला कारस्थानी. दोघांचीही माणसे आपलीच बाजू खरी म्हणतात. सरदारांच्या सभेत निर्णय होत नाही आणि अखेर पारडे खेळणाऱ्याच्या हाती येते.

मन साहजिकच सभ्य माणसाकडे झुकते. पण खेळाच्या शेवटी काय होते पाहा. सभ्य हॅरोमाँट राजा झाला की परंपरेला चिकटून राहतो, जातीची बंधने आणखी आवळतो आणि जातिबाह्यांचे हाल वाढतात. कपटी भेलेन राजा झाला की शस्त्र घेऊन लढायला तयार होणाऱ्या जातिबाह्यांना काही हक्क देतो आणि बाहेरच्या जगाशी व्यापार वाढवितो. परंतु विरोध करणारी सभाच तो बरखास्त करून टाकतो!

वाचकहो, येथेच खरा धडा आहे. माणूस घरात, दरबारात कितीही सज्जन असला तरी तळाच्या माणसासाठी तो काय करणार हे विचारल्याशिवाय त्याला मोठे म्हणू नये. आणि तळाच्या माणसाला चार हक्क दिले म्हणून हुकूमशहाच्या गळ्यात माळही घालू नये. दयेने मिळालेला हक्क मर्जी फिरली की जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, असे त्यांनी बजावले.

ऑर्झमारच्या सभेत फक्त सरदार बसत. ज्यांच्या नशिबाचा फैसला होणार त्या जातिबाह्यांना मत नव्हते. परंड्याच्या दरबारातही शेत कसणाऱ्या रयतेला कोणी विचारले नाही. म्हणून दोन्हीकडे राजा बदलला की सारेच बदलले. आपल्याकडे आज एका माणसाला एक मत आहे. पुढारी आपल्याशी इमान राखतो की नाही हे तपासण्याचा आणि राखत नसेल तर त्याला खाली उतरविण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. खेळात दोघांतून एकच निवडावा लागतो. प्रत्यक्षात मात्र तिसरा माणूस उभा करता येतो, स्वतःही उभे राहता येते.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळताना दिसली तर नुसते रागावू नका. अभ्यासाची वेळ जरूर पाळायला लावा, पण शेजारी बसून एक प्रश्न विचारा : "तू कोणाला राजा केलेस आणि खालच्या माणसांचे पुढे काय झाले?" आणि सुट्टीत मुलांना परंड्याचा किल्ला दाखवायला न्या. तोफा दाखवून झाल्या की गुलामाचा वजीर झालेल्या अंबरची गोष्ट सांगा. त्याची बाजू घ्यायची की नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.