गिझर न्हाणीघराबाहेरच हवा

हिवाळा लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत अंगणातले बंब पुन्हा पेटतात. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, हाताशी असेल ते जळण. तांब्याचा बंब नीट पाहिला तर तो हीट एक्स्चेंजरच आहे. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी. धूर आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मधल्या पत्र्यातून फक्त उष्णता जाते. गिझर किंवा सोलर घेताना दुकानदार जो शब्द वापरतो, त्याचा अर्थ एवढाच.

अडचण पाण्याची आहे. इथल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी अनेक गावांत जड असते. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. असे पाणी तापले की क्षार सुटून नळीला आतून चिकटतात. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सोलरमध्ये हेच पाणी थेट फिरवले तर नळ्या चोंदतात. म्हणून बोअरवाल्या घराने एक्स्चेंजरचा सोलर घ्यावा. त्यात नळ्यांतून तेच ते मऊ पाणी फिरत राहते. किंमत जास्त पडते. काचनळ्यांचा सोलर स्वस्त, साफ करायलाही सोपा. एक्स्चेंजरच्या बंद नळीत पाणी गोठू नये म्हणून रसायन भरले जाते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा ते नकोच म्हणावे. त्यातले इथिलिन ग्लायकॉल पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते.

खरी भीती गॅस गिझरची. त्याच्या एक्स्चेंजरच्या पात्यांत काजळी साठली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काजळी नसली तरी बंद न्हाणीघरातला प्राणवायू संपत आला की तेच घडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पाय गळतात. कडी काढायलाही हात उचलत नाही. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल, उपाशीपोटी अंघोळ केली. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवते, आकडा चांगला दाखवते. असा माणूस आढळला तर दार-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि ऑक्सिजन असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिथे ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगावे, कारण उपचाराची दिशा त्या एका वाक्यावर ठरते.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. खर्च चार-पाच फूट पाइपाचा. दरवर्षी थंडीआधी मिस्त्रीकडून काजळी आणि क्षार साफ करून घ्यावेत. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर त्या दिवशी पाणी चुलीवर तापवावे.

साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत भाजते, लेकरांची त्याहून लवकर. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट, हळद काही लावू नये.