संगणकाचे पहिले पान आपणच मांडू या

बँकेत नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे पहिले काम आले ते आवक-जावक नोंदवहीचे. टपाल आले की तारीख, कोणाकडून आले आणि विषय एवढेच वहीत लिहायचे. पत्र कोणी वाचायचे ते नंतर ठरे, पण आलेल्या पत्राची नोंद नाही असे सहसा होत नसे.

त्या वहीची आठवण गेल्या वर्षी घरातच झाली. माझ्या पुतण्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला. सूचना संकेतस्थळावर तीन आठवडे होती. मुलगा मोबाईलवरच्या दहा-बारा गटांचा सभासद, परंतु त्याच्यापर्यंत ती पोहोचली मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, तीही कोणीतरी पुढे ढकललेली. वर्षाचे शुल्क वहिनींनी पतसंस्थेचे कर्ज काढून भरले. मी रागावलो तर म्हणाला, "काका, रोज किती ठिकाणी जाऊन बघू?"

प्रश्न रास्त होता. आणि त्याचे उत्तर १९९९ सालीच निघाले होते, हे माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला उशिरा कळले.

त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने 'माय नेटस्केप' या पानासाठी एक पद्धत काढली. वाचकाने आपल्या आवडीची संकेतस्थळे निवडावीत आणि त्यांच्या ताज्या मथळ्यांचे एकच पान त्याच्यापुढे यावे, ही कल्पना. आयआयटी मद्रासचे पदवीधर रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांचा त्यात मुख्य वाटा होता. या पद्धतीला आरएसएस म्हणतात. (नाव ऐकून आपल्या मंडळींनी दचकू नये. येथे ती अक्षरे 'रिअली सिंपल सिंडिकेशन' यांची आहेत!)

तिचे काम अगदी आवक वहीसारखे आहे. संकेतस्थळ आपल्या मुख्य पानांखेरीज एक साधी मजकुराची फाईल ठेवते, तिला फीड म्हणतात. नव्या प्रत्येक मजकुराचे शीर्षक, दुवा, तारीख आणि ओळख क्रमांक तीत असतो. आपल्याकडील वाचक-प्रोग्राम ठराविक वेळाने आपण दिलेल्या सर्व फाईली पाहून येतो, ओळख क्रमांक ताडतो आणि नवे तेवढेच तारखेच्या क्रमाने मांडतो. काही नवे नसेल तर समोरून 'बदल नाही' एवढेच उत्तर येऊ शकते, म्हणून इंटरनेटचा खर्चही थोडा. मुख्य म्हणजे कोणते वर आणि कोणते खाली हे दुसरा कोणी ठरवीत नाही. मोबाईलवर आपण काय पाहावे हे पुष्कळदा कंपनीचे गणित ठरविते, आणि त्या गणितात शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला विशेष भाव नसतो.

आता पान कसे मांडावे? सुरुवात अगदी साधी करावी. नोटपॅडमध्ये एचटीएमएलच्या आठ-दहा ओळींत आपल्या रोजच्या संकेतस्थळांचे दुवे लिहावेत, फाईल साठवावी आणि ब्राऊझर उघडताच तीच यावी अशी सेटिंगमध्ये सोय करावी. मात्र अशा पानाला दुसऱ्या संकेतस्थळाचे फीड थेट वाचता येत नाही, सुरक्षिततेसाठी ब्राऊझर बहुधा त्याला अडवितो. त्यासाठी मध्ये एक प्रोग्राम लागतो. थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम टपालाबरोबर फीडही वाचतो. मोबाईलवर फीडली, इनोरीडर आहेत. माझ्या पुतण्याने दोन रविवार घालवून पायथॉनमध्ये स्वतःच लहानसा प्रोग्राम लिहिला. 'फीडपार्सर' नावाचे तयार साहित्य असल्यामुळे त्याला फार कष्ट पडले नाहीत. हा प्रोग्राम दर तासाला सर्व फीड आणतो आणि ती एचटीएमएलची फाईल नव्याने लिहून ठेवतो.

फीड शोधणे हे मात्र थोडे चिकाटीचे काम आहे. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये आपली अंगभूत फीड-सोय काढून टाकली, तेव्हापासून नवख्याला ते दिसतच नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे 'फीड' हा शब्द इंग्रजीत जोडला की ते मिळते. रिझर्व्ह बँक आपल्या अधिसूचना आणि प्रसिद्धिपत्रके यांचे फीड देते, त्याचा मला कामावर फार उपयोग होतो. परंतु कित्येक संकेतस्थळांना फीडच नसते, सूचना नुसती पीडीएफ करून टाकलेली असते. तेथे यंत्राच्या भरवशावर राहू नये. त्यांचे दुवे पानाच्या अगदी वर ठेवावेत आणि सकाळी स्वतः उघडून पाहावेत. पुतण्याच्या यादीतील अकरांपैकी चार अशीच निघाली, आणि शिष्यवृत्तीचे त्यांतच होते!

आणखी एक सावधगिरी. गुगलचे 'रीडर' २००५ साली निघाले, लोकांची त्यावर भिस्त बसली आणि १ जुलै २०१३ रोजी ते बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'आयगुगल' हे पहिले पानही गेले. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती त्यांनी ती दुसऱ्या प्रोग्रामला दिली आणि वाचन पुढे चालू राहिले. अशा यादीच्या फाईलला ओपीएमएल म्हणतात. कोणताही प्रोग्राम घेण्यापूर्वी त्यात ही फाईल बाहेर काढण्याची सोय आहे की नाही ते पाहावे, आणि तिची एक प्रत पेन ड्राईव्हवर ठेवावी.

ज्या विद्यार्थ्यांना अडचण येईल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात मला किंवा पुतण्याला भेटावे. येताना आपल्याला लागणाऱ्या संकेतस्थळांची नावे कागदावर लिहून आणावीत. निम्मा वेळ त्यातच जातो.