ऐंशी किलोमीटरची राजधानी

आठ तास, ऐंशी किलोमीटर. पुण्यात दिवसभरासाठी चालकासह गाडी भाड्यानं ठरवली की बहुतेक ठिकाणी हाच हिशेब सांगतात. वेळ वाढली तर तासाचे पैसे, अंतर वाढलं तर किलोमीटरचे. पार्किंग आणि टोल गिऱ्हाइकाकडे. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली गाडी सकाळी दारात येते, चालक सुरुवातीचा मीटर ड्यूटी स्लिपवर लिहितो आणि विचारतो, ‘‘काका, कुठून सुरू करायचं?’’

मी पदवीनं इतिहासाचा माणूस नव्हे. छापखान्यात हिशेब लिहिता लिहिता संध्याकाळच्या वर्गात मोडी शिकलो आणि त्या वाटेनं या नादाला लागलो. त्यामुळं असेल, पण माझं लक्ष आधी त्या ऐंशीवर अडकलं. शनिवारवाड्यापासून पर्वतीचा पायथा तीन-साडेतीन किलोमीटर. पेशव्यांचं शहर जवळजवळ एवढ्यातच आटपतं. मग उरलेल्या शहात्तर-सत्त्याहत्तर किलोमीटरांत पाहुण्याला काय दाखवतात?

गाडी पूर्वेला नगर रस्त्यानं आगाखान पॅलेसला जाते. वास्तू देखणी आहे. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी जिथं देह ठेवला त्या जागेपुढं मान लवतेच. पण ती बांधली १८९२ साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी. तिथून वानवडीला शिंद्यांची छत्री. मग जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर, जे पेशव्यांच्या आधी हजारएक वर्षांचं. पाहुणा उत्साही असेल तर सिंहगड. मधल्या तास-दीड तासात शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ. यातला शिवरायांच्या बालपणाचा म्हणून दाखवला जाणारा लाल महाल महापालिकेनं १९८८ मध्ये पुरा केलेला आहे. मूळ वाडा केव्हाच गेला. ही ठिकाणं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण त्यांची निवड इतिहासानं केलेली नाही. ती गाडी कुठं उभी करता येते, यानं केली आहे.

याचा पुरावा नकाशातच मिळतो. पेठांच्या उभ्या अंगात दोन मुख्य रस्ते आहेत आणि दोन्ही एकेरी. शिवाजी रस्त्यानं गाडी शनिवारवाड्याकडून दक्षिणेला स्वारगेटकडे जाते, बाजीराव रस्त्यानं दक्षिणेकडून परत उत्तरेला येते. म्हणून पाहुण्याला ओळीनं दिसतं ते असं : शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, मंडई, मग सारसबाग, पर्वती आणि परतीच्या वाटेवर केळकर संग्रहालय आणि विश्रामबागवाडा. १७३२ नंतर १९८८, मग १८८६ ची मंडई, मग अठराव्या शतकातली पर्वती, मग १८०७ चा विश्रामबाग. शतकं पत्त्यांसारखी पिसलेली. तुळशीबागेत गाडी शिरत नाही. कसबा गणपतीच्या बोळात शिरली तर निघत नाही. दगडूशेठच्या समोरच्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. त्या गर्दीत गाडी थांबवायची सोयच नसल्यामुळं तिथं आधीही कुणी थांबत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी गाडीतून शहर पाहणाऱ्यांना मनातून हसत असे. पुणं पायांनी बघावं, असं ऐटीत म्हणत असे. ती ऐट माझ्या इंदूरच्या आत्यानं उतरवली.

आत्या ऐंशी पार केलेली. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जन्म इंदुरात, लग्न इंदुरात. पुण्याला लग्नकार्यापुरती येऊन गेलेली. मागच्या हिवाळ्यात म्हणाली, ‘‘मला एकदा पेशव्यांची राजधानी नीट दाखव.’’ पायी शक्यच नव्हतं. मी गाडी ठरवली आणि नेहमीच्या फेरीला निघालो. दिल्ली दरवाजासमोर चालकानं हौसेनं ‘काका मला वाचवा’ ऐकवलं, ‘ध चा मा’ ऐकवला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादाला दोषी धरलं, एवढा इतिहास. पौर्णिमेच्या रात्रीच्या किंकाळ्या नंतरच्या. दुपारी चहाला थांबलो तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘अरे, सकाळपासून तू दरवाजे, पुतळे आणि देवळं दाखवलीस. राजधानी कुठंय?’’

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे काही महिने मी त्या एका प्रश्नावर घालवले.

पहिली अडचण शब्दाचीच. पुणं रीतसर राजधानी नव्हतंच. छत्रपतींची गादी साताऱ्याला. बाजीरावानं १७३० च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत केली. खर्च १६,११० रुपये सांगतात. पण तेव्हा ते एका प्रधानाचं बिऱ्हाड होतं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले, पुढच्या वर्षी सांगोल्याच्या करारानं कारभाराची सूत्रं नानासाहेबाच्या हाती एकवटली आणि राज्याचं वजन पुण्याकडे कललं. फौजफाटा, सावकार, कारकून, शास्त्री, कारागीर, सगळे इकडे येऊ लागले. आता एवढ्या माणसांना पाणी कुठलं? मुठा उन्हाळ्यात रोडावते आणि गाव काठावर उंच.

१७५० च्या आसपासचं नानासाहेबाचं सर्वांत मोठं काम म्हणूनच मला वाड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधला. वरचा आणि खालचा असे दोन. वरच्यात गाळ बसायचा, निवळ पाणी खालच्यात उतरायचं. तिथून जमिनीखालून दगड-चुन्याचं नळ काढलं. आत माणूस उभा चालू शकेल एवढं मोठं, सुमारे आठ किलोमीटर लांब. पंप नाही, मोट नाही. पाणी केवळ उतारानं यायचं. कात्रज उंच, पेठा सखल. उतार फार झाला तर दाब वाढून बांधकाम फुटेल, फार कमी झाला तर पाणी थबकेल, म्हणून वाटेत जागोजाग उभे मनोरे ठेवले. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. नळातली कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, दाब उतरतो आणि आत उतरून साफसफाईही करता येते. पेठांत पोचल्यावर पाणी हौदांत पडायचं आणि लोक ते घागरीनं भरून न्यायचे. नाना हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव हौद. पुणेकर आज ‘फडके हौदापाशी भेटू’ म्हणतो तेव्हा तो एका जलव्यवस्थेचं नाव घेत असतो, पण आपल्याला तो चौक वाटतो. शनिवारवाड्यातलं सवाई माधवरावासाठी केलेलं हजारी कारंजं याच पाण्यावर उडायचं. सोळा पाकळ्यांचं कमळ. तोट्या हजार नव्हेत, दोनशेच्या आतच.

नकाशावर ही वाट आखताना एक गंमत ध्यानात आली. पाणी ढोबळमानानं दक्षिणेकडून उत्तरेकडे येतं, आणि बाजीराव रस्त्याची एकेरी वाहतूकही दक्षिणेकडून उत्तरेकडे! म्हणजे नेहमीची फेरी उलटी केली, तर गाडी पाण्याच्या सोबत राजधानीत शिरते.

उन्हाळा लागायच्या आत आत्याला पुन्हा बोलावलं. गाडी तीच, चालकही तोच मागून घेतला. सकाळी आठच्या आत कात्रज तलाव. मग सातारा रस्त्यानं खाली. चालकाचा चेहरा पडला होता, कारण इथं ‘दाखवायला’ काहीच नव्हतं. मी उजवी-डावीकडे बोट करत सांगत होतो की हा जो उतार गाडीला जाणवतोय, तोच त्या नळाचा उतार. तो एकदम म्हणाला, ‘‘काका, २०१९ ला आंबिल ओढ्याचं पाणी ह्याच उतारानं आलं होतं.’’ खरंच होतं ते. २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजकडून उतरलेल्या त्या लोंढ्यानं माणसं नेली. याच आंबिल ओढ्याला पेशव्यांनी अडवून, वळवून पर्वतीखाली तळं केलं होतं. त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसला; तळं पुढं आटवलं आणि तिथं सारसबाग झाली. आजही तो गणपती जुन्या लोकांना ‘तळ्यातला’च आहे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आत्याला चढवणं अशक्य. पायथ्याशी गाडीची दारं उघडून बसलो. वरचं देवदेवेश्वर १७४९ चं. पानिपतानंतर खचलेला नानासाहेब जून १७६१ मध्ये वरच वारला. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई इथूनच पाहिली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना या देवळात जाऊ द्यावं म्हणून सत्याग्रह झाला, तोही याच पायऱ्यांवर.

ते ऐकून चालकानं विचारलं, ‘‘मग काका, ते हौदाचं पाणी आमच्या लोकांना भरू द्यायचे का?’’

माझ्या टाचणांत कात्रजच्या नळाची लांबी होती, उतार होता, हौदांची यादी होती. हा रकाना नव्हता. नव्हते भरू देत, एवढंच मी म्हणालो. आत्या पुढं झुकून म्हणाली, ‘‘बाळा, मग पुढं कधी मिळालं?’’ गाडी बाजीराव रस्त्याला लागायच्या ऐवजी गंज पेठेकडे वळवली. तिथं फुल्यांचा वाडा आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चालक आत जाऊन आला. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो आला आणि काही न बोलता त्यानं गाडी सुरू केली. शनिवारवाड्यापुढं ऐकवलेली गोष्ट त्यानं त्या दिवशी ऐकवली नाही.

बाजीराव रस्त्यावर मात्र थांबता येत नाही. माझा अनुभव असा की पाहुण्याला उतरवून चालकानं पुढं निघून जावं आणि फोन केल्यावर वळसा घालून यावं. आम्ही हळू गेलो, एवढंच. विश्रामबागवाडा काचेतून पाहिला. तो दुसऱ्या बाजीरावाचा. एल्फिन्स्टननं १८२१ मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या आगीत त्याचा भाग जळाला आणि बुधवारवाडा तर साफ गेला. शेवटी नानावाडा. पाहुण्याला शनिवारवाडा दाखवून नेतात तेव्हा तो लागूनच असतो आणि राहून जातो. सवाई माधवरावाच्या काळात राज्य चालत होतं ते नाना फडणवीसाकडून, त्याच्या कारकुनांच्या लेखणीतून.

कारण राजधानीचा दुसरा अर्धा भाग कागदाचा होता. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला, पण दप्तर वाचलं. पेशवे दप्तराचे रुमाल आज पुराभिलेखागारात इंग्रजी अमदानीतल्या दगडी इमारतीत आहेत. सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. कुणाला किती नेमणूक, कुठल्या देवळाला किती तेल, सगळं त्यात आहे. पालखीसुद्धा. तेव्हा पालखीत बसणं हौसेचा मामला नव्हता. तो मान सरकारातून मिळे आणि पालखीच्या खर्चाची तजवीज नेमणुकीत असे. आत्याला हे फार आवडलं. ‘‘म्हणजे ड्रायव्हरचा भत्ता तेव्हापासूनचा!’’ चालक आरशातून हसला.

शनिवारवाड्यापाशी मीटर पाहिला. घरापासून सव्वीस किलोमीटर, वेळ साडेचार तास. पैसे ऐंशीचे भरायचेच होते. मी म्हटलं, घरी जाऊ, तू दमली असशील. आत्या म्हणाली, ‘‘वानवडीला चल. मागच्या खेपेला नीट पाहिलं नाही.’’

महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला वारले. आठ वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरानं त्याच बाजूला, हडपसरनजीक, शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून बसला.

छत्रीच्या आवारात आत्या काठी टेकत, चालकाच्या खांद्यावर हात ठेवून, दहा पावलं चालली. हात जोडले. ‘‘आम्ही होळकरांकडचे,’’ त्याला म्हणाली, ‘‘पण एवढ्या लांब आलो, तर भेटून जावं.’’