इंजिनिअर झालो, पुढे काय?

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाईसरॉयपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. त्यात शिक्षणासाठी मागितलेला पैसा कशासाठी होता, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. विज्ञान व तंत्रशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना देशातल्या विद्यापीठांसाठी वर्षाला २ लाख आणि परदेशासाठी १ लाख, अशी ती मागणी होती. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेले बाबासाहेब समाजासाठी प्रयोगशाळेचे दार ठोठावत होते.

आज पनवेल, कळंबोली, कामोठ्यातल्या आपल्या घरांतून इंजिनिअर निघतात, बी.एस्सी. झालेल्या मुली निघतात. पेढे वाटले जातात आणि गाडी तिथेच थांबते. घरावर कर्ज असते, म्हणून पोरगा तळोजा एमआयडीसीत कंत्राटी कामाला चिकटतो. त्याला दोष कोण देणार?

पण याच पनवेलात, कळंबोली हायवेलगत, भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी आहे. केंद्र सरकारची ही राष्ट्रीय संशोधन संस्था. एम.एस्सी. झालेले विद्यार्थी इथे पीएच.डी. करतात. (हिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम कुलाब्याहून अलिबागला हलवले होते.) हार्बर लाईनने मानखुर्दला उतरले की भाभा अणुसंशोधन केंद्र जवळ. पवईची आयआयटीही फार लांब नाही. आपली किती मुले या फाटकांच्या आत गेली?

बुद्धी कमी नाही. सांगणारा कमी आहे. ज्यांच्या घरात मामा प्राध्यापक, काका शास्त्रज्ञ, त्यांच्या मुलांना गेट, जॅम, नेट ही नावे जेवताना कळतात. आपल्या पोराला ती कळतात तेव्हा अर्जाची मुदत गेलेली असते. गेटची फी अनुसूचित जातींना निम्मी आहे, पात्रतेचे गुणही कमी लागतात, पास होऊन एम.टेक.ला गेल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आहेत. बापाच्या पगाराहून जास्त! हे त्या बापाला कोणी सांगितले आहे काय?

आत गेल्यावरची लढाई वेगळी. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी आपले संशोधक आझाद मैदानात बसले. २०२५ मध्ये परदेशी शिष्यवृत्तीला निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधीचे कारण ऐकवले गेले. हक्काचा पैसा सरकारकडून भांडूनच घ्यावा लागेल. पण तो येईपर्यंत मेसचे बिल कोण भरणार?

इथे जयंती मंडळांनी विचार करावा. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात एका संशोधकाचे तीन-चार महिने निघतात. उसने द्या, फेलोशिप आली की तो परत करील आणि तेच पैसे पुढच्याला जातील. नोकरीतल्या आपल्या इंजिनिअरांनी, प्राध्यापकांनी रविवारी दोन तास विहारात बसावे. अर्ज भरून द्यावेत, शिफारसपत्र कसे मागायचे ते शिकवावे, मुलाखतीची तयारी करून घ्यावी.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात भरले जातात, जॅमचेही त्याच सुमारास. वर्षावास तेव्हा चालूच असतो आणि ग्रंथवाचनाला माणसे विहारात जमलेलीच असतात.