महाडच्या लुगड्यापासून गर्भरेशमापर्यंत

डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकर बायकांशी लुगड्याबद्दल बोलले, याची आठवण मात्र क्वचित निघते. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं आणि अंगावरचे जड दागिने पाहताच जात कळे. म्हणून ही नेसण सोडा, लुगडं पावलापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. महाडच्या सावित्री नदीकाठी कापड असं उघड बोलत होतं.

मराठी कवितेत ते हळू आवाजात आलं. बेळगावच्या इंदिरा संतांचा ‘शेला’ हा संग्रह 1951चा आणि ‘गर्भरेशीम’ 1982चा. खांद्यावरून पांघरायच्या वस्त्रापासून थेट आतल्या धाग्यापर्यंत, तीस वर्षांचा प्रवास नुसत्या नावांतच दिसतो. ‘गर्भरेशीम’ला 1984मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शान्ता शेळक्यांनी ‘पैठणी’त आणखी वेगळी वाट काढली: गाठोड्याच्या तळाशी जपलेल्या लुगड्यात आजीचं अख्खं आयुष्य घडी घालून ठेवलं. अशा कवितेत हळवेपणा उतू जायला वेळ लागत नाही. त्यांनी तो वेळीच आवरला.

शेला-पैठणी हातमागावरची; पण रोजचं गिरणीचं कापड विणत कोण होतं? कोकणातून घर सोडून मुंबईत लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिलेली माणसं. नारायण सुर्वे याच वस्तीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962ला आलं, ‘माझे विद्यापीठ’ 1966ला. गंमत म्हणजे गिरणगावाच्या या कवीकडे शेला-पैठणी शोधून सापडायची नाही. तिथे भाकरी आहे आणि तिच्यासाठी राबणारे हात आहेत. ताग्यांच्या ढिगात दिवस काढणाऱ्याला कापडाची नवलाई ती काय! उत्तरायुष्यात सुर्वे महाडच्याच रायगड जिल्ह्यात, नेरळला राहिले.

‘गर्भरेशीम’ निघालं त्याच वर्षी, 18 जानेवारीला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुष्कळांना परत कामावर जाताच आलं नाही.

हे कामगार ज्या कोकणातून आले, त्या किनाऱ्याचं स्वतःचं कापड, म्हणजे नाखव्याच्या कमरेचा रुमाल, कोळणीचं कासोट्याचं लुगडं, होडीचं शीड, छापील कवितेत फारसं शिरलं नाही. दर्या लोकप्रिय झाला तो गाण्यांतून. त्यांतलं गाजलेलं ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या शान्ता शेळक्यांचा जन्म मात्र इंदापूरचा, समुद्रापासून चांगलाच लांब.