वरच्या वर्गात प्रवेश, पण वार्षिक परीक्षेला बंदी : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला दोन वर्षांचा नियम

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचा एक नियम आपण इथे बसून ऐकायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, भाचे-पुतणे तिकडच्या विद्यापीठांत शिकतात, शनिवारी स्टेडियममध्ये जाऊन बसतात आणि फोनवर काहीतरी सांगतात, ते आपल्याला कळत नाही. हे एक कारण. दुसरं कारण ऐकता ऐकता लक्षात येईल.

18 नोव्हेंबर 2023 चा शनिवार घ्या. व्हर्जिनिया राज्यातलं हॅरिसनबर्ग हे डोंगराळ भागातलं लहानसं शहर. तिथे जेम्स मॅडिसन विद्यापीठ आहे. त्या सकाळी ईएसपीएन वाहिनीचा सर्वांत गाजलेला कॉलेज फुटबॉलचा कार्यक्रम थेट त्यांच्या आवारातून चालू होता. संघानं मोसमातले दहाच्या दहा सामने जिंकले होते. देशाच्या क्रमवारीत त्यांचा अठरावा नंबर होता. आणि बरोबर तीन दिवस आधी, 15 तारखेला, एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, त्यांचा अर्ज फेटाळला होता. अर्ज काय होता? तर, आम्ही जिंकतोय, आम्हाला मोसमानंतरचे सामने खेळू द्या, एवढाच.

आता हे समजायला थोडी रचना सांगावी लागेल. हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. एनसीएएचे तीन विभाग आहेत. त्यातल्या पहिल्या विभागाचे फुटबॉलपुरते 1978 मध्ये दोन तुकडे केले. वरच्याला आज एफबीएस म्हणतात, खालच्याला एफसीएस. ही नावं 2006 पासूनची. फरक मुख्यतः पैशाचा. वरच्या गटातला संघ 85 खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ शकत असे, खालच्या गटातला एकूण 63 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच. आता 2025 पासून ते हिशेब बदलले आहेत, पण आपल्या गोष्टीतले बहुतेक संघ 85 आणि 63 च्या काळातले, तेव्हा हेच आकडे धरून चालू.

आणखी एक फरक. खालच्या गटात मोसम संपला की चोवीस संघांची बाद फेरी होते आणि विजेता ठरतो. सरळ मामला. वरच्या गटात मात्र एनसीएए स्वतः विजेतेपदाची स्पर्धा घेतच नाही! तिथे वरच्या काही संघांचा प्लेऑफ वेगळी संस्था चालवते, आणि बाकीच्यांसाठी असतात ‘बाऊल’ सामने. हो, स्वयंपाकघरातला बाऊलच. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमांवरून हे नाव पडलं. डिसेंबर-जानेवारीत देशभर असे चाळीसेक सामने होतात. बारापैकी निदान सहा सामने जिंकलेला संघ त्यासाठी पात्र. गावभर लोक गाड्या भरून जातात, खेळाडूंना आठवडाभराची सफर मिळते, आणि ज्यांचं शेवटचं वर्ष असतं त्यांच्यासाठी तो बहुधा आयुष्यातला शेवटचा सामना असतो.

आपल्याकडे रणजी करंडकात प्लेट गटातला संघ चांगला खेळला की एलिट गटात जातो. मैदानावर जिंकायचं आणि वर जायचं. अमेरिकेत तसं नाही. तिथे खालच्या गटातला संघ सलग दहा वर्षं अजिंक्य राहिला तरी आपोआप वर जात नाही. वर जायला अर्ज करावा लागतो. वरच्या गटातल्या एखाद्या कॉन्फरन्सचं, म्हणजे दहा-पंधरा विद्यापीठांच्या मंडळाचं, आमंत्रण लागतं. निदान सोळा खेळांचे संघ पोसावे लागतात, शिष्यवृत्त्या वाढवाव्या लागतात. आणि हे सगळं करून वर गेलात, की दोन वर्षं संक्रमणकाळ. या काळात तुम्ही वरच्यांशी खेळायचं, जिंकायचं, हरायचं. पण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नाही, प्लेऑफमध्ये नाही आणि बाऊलमध्येही नाही.

हा नियम कुणी खाष्ट माणसानं उगाच केला, असं मला वाटत नाही. त्यामागे दोन चांगली कारणं आहेत. पहिलं, घाई रोखणं. माजी विद्यार्थ्यांच्या उत्साहात एखादं विद्यापीठ ऐपत नसताना उडी मारतं आणि मग त्याचा भार फीवर पडतो, नाहीतर जलतरण किंवा टेनिसचा संघ बंद होतो. दुसरं कारण खालच्या गटातल्या न्यायाचं. वर जायला निघालेला संघ शिष्यवृत्त्या 63 वरून 85 कडे वाढवत असतो. तो त्या वर्षी खालच्याच गटाच्या बाद फेरीत उतरला, तर समोरच्या 63 वाल्यांवर अन्याय. हे पटण्यासारखं आहे.

पण या दुसऱ्या कारणाचा परिणाम बघा. जॉर्जिया सदर्न हे विद्यापीठ. 2013 हे त्यांचं संक्रमणाचं पहिलं वर्ष. शिष्यवृत्त्या वाढल्या होत्या म्हणून खालच्या बाद फेरीला अपात्र. त्या मोसमातला त्यांचा शेवटचा सामना फ्लोरिडा विद्यापीठाशी, म्हणजे वरच्या गटातल्या अतिबलाढ्य संघाशी, त्यांच्याच मैदानावर. तो सामना त्यांनी 26-20 असा जिंकला, आणि तोही एकसुद्धा पास पूर्ण न करता! नुसतं चेंडू घेऊन पळत सुटायचं. लोक आजही त्याबद्दल बोलतात. पण त्या विजयानंतर पुढे खेळायला त्यांना काही नव्हतंच. 2014 मध्ये ते वर गेले, सन बेल्ट कॉन्फरन्समधले आठच्या आठ सामने जिंकले, एकूण नऊ विजय, तीन पराभव. कॉन्फरन्सचे अजिंक्यवीर. बाऊल? नाही. दुसरं वर्ष चालू होतं ना! म्हणजे एका वर्षी खालचं दार बंद, दुसऱ्या वर्षी वरचं. माणूस जिन्यात अडकावा तसं.

असंच मिनेसोटातल्या सेंट थॉमसचं. ते तर तिसऱ्या विभागातून एकदम पहिल्या विभागात आले, 2021 मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांच्या फुटबॉल संघानं पायोनिअर लीग एकही सामना न हरता जिंकली, आणि बाद फेरीला लीगच्या वतीनं गेलं डेव्हिडसन. विभाग बदलणाऱ्यांचा संक्रमणकाळ आणखी मोठा असतो. दुसऱ्या विभागातून पहिल्यात यायला चार वर्षं होती. चार वर्षं म्हणजे एका विद्यार्थ्याचं अख्खं कॉलेज! अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी ती तीनवर आणायचं ठरलं जानेवारी 2025 मध्ये.

आता परत हॅरिसनबर्गला. जेम्स मॅडिसन हा खालच्या गटातला दादा संघ. 2004 आणि 2016 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी सन बेल्टमध्ये जाण्याची घोषणा केली. त्यांची जुनी कॉन्फरन्स चिडली. तिच्या नियमात होतं, की सोडून जाणाऱ्यानं आमच्या अजिंक्यपद स्पर्धा खेळायच्या नाहीत. त्यामुळे त्या वर्षी बास्केटबॉल, सॉफ्टबॉल वगैरे संघांतल्या मुला-मुलींना कॉन्फरन्सच्या स्पर्धा बंद. त्या मुलींचा फुटबॉलशी काय संबंध? काही नाही. पण फुटबॉलच्या निर्णयाची पहिली किंमत त्यांनी मोजली, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं. आणि त्याची चर्चाही फार कमी झाली.

2022 मध्ये संघ वर गेला. पहिले पाच सामने सलग जिंकले, थेट राष्ट्रीय क्रमवारीत पंचविसावे. मोसमाअखेर आठ विजय, तीन पराभव. कोस्टल कॅरोलायनाला त्यांनी 47-7 असं लोळवलं, आणि त्यांच्या बाजूनं कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळायला गेलं कोण? तेच कोस्टल कॅरोलायना. 2023 मध्ये तर दहा सामने, दहा विजय.

विद्यापीठाचं म्हणणं असं होतं, की संक्रमणकाळ हा तयारीसाठी असतो ना? आमची तयारी झालेली आहे. आम्ही पहिल्या वर्षापासून वरच्या गटाचं पूर्ण वेळापत्रक खेळतोय, जिंकतोय. मग काय शिकायचं राहिलंय? व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलनी तर कायदेशीर कारवाईचा इशारा देणारं पत्र धाडलं. पुढे कोर्टात कुणी गेलं नाही. एनसीएए हटली नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न : पण नियम माहीत असूनच गेले ना ते? मग तक्रार कसली?)

बरोबर. हा प्रश्न यायलाच हवा होता. विद्यापीठाला नियम माहीत होता, त्यांनी सही केली होती, त्यांची तक्रार मी ऐकून घेणार नाही. शिवाय दहा विजयांच्या संघाला सूट दिली आणि सहा विजयांच्या संघाला नाही, तर तो नियम उरत नाही, गुणफलक बघून केलेली मर्जी होते. इथपर्यंत मी एनसीएएच्या बाजूनं आहे. पण सही कुणी केली? कुलगुरूंनी, विश्वस्तांनी. 2023 मध्ये शेवटच्या वर्षाला असलेले कितीतरी खेळाडू 2019, 2020 मध्ये दाखल झालेले. ते खालच्या गटातल्या संघात आले होते, जिथे दर डिसेंबरात बाद फेरी असायची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खेळाडूला एकूण चार मोसम, तेही पाच वर्षांच्या आत. त्यातले दोन बंदीत गेले तर निम्मी कारकीर्द गेली. विद्यापीठ शंभर वर्षं टिकतं, त्याला दोन वर्षं काहीच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती गुंतवणूक आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये, म्हणजे हा वाद ऐन रंगात असतानाच, एनसीएएनं वर जाण्याच्या अटी कडक केल्या. अर्जाचं शुल्क होतं पाच हजार डॉलर. ते केलं पन्नास लाख डॉलर! हजारपट. शिष्यवृत्त्यांवर किमान खर्चाची अटही घातली. मला हे पाऊल योग्य वाटतं, कारण हा भार जो उडी मारतो त्याच्याच खिशावर पडतो. घाई रोखायची तर अशी रोखावी. पण मग खेळाडूंवरची दोन वर्षांची बंदी कशासाठी ठेवली, याचं उत्तर मला सापडत नाही.

आणि या नियमात एक गंमतीची फट आहे. बाऊलच्या जागा ठरलेल्या. 2023 मध्ये त्या होत्या 82. सहा सामने जिंकणारे पात्र संघ तेवढे निघालेच नाहीत तर? तर मग संक्रमणातल्या संघांना बोलवायचं. म्हणजे तुम्ही किती जिंकलात याला महत्त्व नाही, दुसरे किती हरले याला आहे! त्या नोव्हेंबरात हॅरिसनबर्गचे लोक कुठल्या कुठल्या संघांच्या पराभवासाठी टीव्हीसमोर बसले असतील, कल्पना करा. शेवटी पात्र संघ भरले 79. उरलेल्या तीन जागांपैकी दोन जेम्स मॅडिसनला आणि अलाबामातल्या जॅक्सनव्हिल स्टेटला मिळाल्या, तेही संक्रमणातच होते. तिसरी मिळाली मिनेसोटा विद्यापीठाला. त्यांचे विजय पाच आणि पराभव सात. पण अभ्यासातली कामगिरी चांगली म्हणून. जॉर्जिया सदर्नच्या वेळी, 2014 मध्ये, उलटं झालं होतं. पात्र संघच जागांपेक्षा जास्त होते, सहा सामने जिंकलेले काही संघसुद्धा घरी बसले. दोघांचीही कामगिरी उत्तम, नियम तोच. एकाला जागा मिळाली, एकाला नाही.

2025 मध्ये पुन्हा तेच. डेलावेअर आणि मिसूरी स्टेट ही दोन विद्यापीठं वर आली, पहिलंच वर्ष, दोघांचे निदान सहा विजय. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून दोघांनाही बाऊल मिळाला आणि डेलावेअरनं तर आपला सामना जिंकला. आणि त्याच मोसमात आपलं जेम्स मॅडिसन सन बेल्टचं विजेतेपद मिळवून थेट बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये गेलं. ओरेगनकडून हरले, पण 51-34. म्हणजे अगदीच पालापाचोळा नव्हता.

(श्रोत्यांमधून प्रश्न : 2023 च्या त्या सामन्याचं काय झालं? ज्या दिवशी टीव्हीवाले आले होते?)

तो हरले. ॲपालेचियन स्टेटनं जादा वेळेत 26-23 असा जिंकला. ॲपालेचियन स्टेट स्वतः 2014 मध्ये याच बंदीतून गेलेलं, बरं का. पुढे 30 नोव्हेंबरला जेम्स मॅडिसनचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी इंडियाना विद्यापीठाची नोकरी धरली. प्रशिक्षकाला संक्रमणकाळ नसतो! काही खेळाडूही त्यांच्यामागे इंडियानाला गेले, आणि दोन वर्षांनी इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. बाऊलचं आमंत्रण आलं ते प्रशिक्षक गेल्यानंतर, डिसेंबरात. 23 डिसेंबरला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एअर फोर्सशी सामना झाला. हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली, जे खेळाडू मागे राहिले होते ते खेळले. 31-21 असा हरले.