‘तार’ची ‘कार’ होताना

मूल उशिरा बोलायला लागलं, अडखळत बोलतं किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नाही, म्हणून आईबाबा त्याला वाचा-उपचारतज्ज्ञांकडे, आपल्या रोजच्या भाषेत स्पीच थेरपिस्टकडे, नेतात. तपासणी होते आणि लगेच प्रश्न उभा राहतो: एकट्याचं सेशन घ्यायचं की ग्रुपमध्ये घालायचं? बहुतेक घरांत याचं उत्तर शिकवणीच्या हिशेबानं निघतं. एकट्याला शिकवणारे सर महाग, क्लास स्वस्त; आणि महाग ते चांगलं. मग ग्रुप निवडणाऱ्या आईला वाटत राहतं, की आपण लेकराच्या बाबतीत काटकसर केली.

ही बोच मनातून काढून टाकावी, असं या विषयावरचं संशोधन वाचताना ठामपणे वाटतं. पण दोन्ही प्रकार कुठेही, कसेही चालतात असा त्याचा अर्थ नाही. मूल काय शिकतंय, त्यावर ते कुणासोबत बसून शिकेल हे ठरतं.

त्यासाठी आधी ‘बोलणं’ थोडं उलगडून पाहू. त्यात तीन कामं एकत्र गुंफलेली असतात. पहिलं काम वाचेचं: जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांची जुळणी करून नेमका ध्वनी काढणं. दुसरं भाषेचं: शब्द माहीत असणं, ‘आई आला’ न म्हणता ‘आई आली’ म्हणणं, ऐकलेलं वाक्य समजणं. तिसरं संवादाचं: आपली पाळी येईपर्यंत थांबणं, विषय धरून बोलणं, समोरच्याला कळलं नाही हे ओळखून पुन्हा सांगणं. अडचण यांपैकी कुठे आहे, त्याप्रमाणे उपचारांची जागा बदलते.

समजा, पाच वर्षांचा एक मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो आणि ‘कार’ला ‘तार’. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकवावा लागतो. ‘त’साठी जिभेचं टोक दातांमागे लागतं. लहानपणी ‘क’च्या जागी ‘त’ येणं स्वाभाविक असतं. चौथं वर्ष उलटूनही ते टिकलं, तर मदत लागते. अशा वेळी थेरपिस्ट बऱ्याचदा दोन चित्रं समोर ठेवतात, एक कारचं आणि एक तारेचं. मुलाला हवी असते कार, तो म्हणतो ‘तार’, आणि त्याच्या हातात तारेचं चित्र येतं. एका ध्वनीनं अर्थ बदलतो, हे त्याला तिथे पहिल्यांदा जाणवतं.

मग सुरू होतो सराव, आणि इथे साधा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तीस मिनिटांच्या सेशनमध्ये चार मुलं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. जिभेला नवी हालचाल शिकवायची तर ती पुन:पुन्हा करावी लागते आणि प्रत्येक वेळी ‘जमलं’ किंवा ‘जीभ अजून मागे घे’ असं सांगणारं कुणीतरी समोर लागतं. म्हणून नवा ध्वनी बसवण्याच्या टप्प्यावर एकट्याचं सेशन उपयोगी पडतं. काही मुलांच्या मेंदूला बोलण्याच्या हालचालींची आखणी करणंच अवघड जातं. स्नायू धड असतात, पण एकच शब्द दर वेळी वेगळा बाहेर पडतो. या अडचणीला ‘अ‍ॅप्रॅक्सिया’ म्हणतात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००७ सालच्या अहवालात अशा मुलांसाठी आठवड्याला तीन ते पाच वैयक्तिक सेशन्सची बाजू मांडली आहे. इथे ग्रुप हा पर्याय म्हणून पुरत नाही.

भाषेच्या अडचणीत मात्र चित्र बदलतं. स्कॉटलंडमध्ये ६ ते १२ वर्षांच्या, भाषाविकासात मागे पडलेल्या १६१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००७ मध्ये आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी केली गेली. काहींना एकेकट्यानं शिकवलं, काहींना गटात. काहींना स्वत: तज्ज्ञांनी, काहींना तज्ज्ञांनी तयार केलेल्या साहाय्यकांनी. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४० मिनिटं, असे १५ आठवडे. शेवटी मोजलं तेव्हा एकटी शिकलेली आणि गटात शिकलेली मुलं यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक निघाला नाही. नेहमीचेच उपचार चालू असलेल्या मुलांपेक्षा या मुलांचं शब्दांत व्यक्त होणं सुधारलं होतं. ऐकलेलं समजण्यातली अडचण मात्र कुठल्याच पद्धतीनं फारशी हलली नाही. ज्या मुलाला समजण्यातच अडचण आहे, त्याच्यासाठी ‘एकटं की ग्रुप’ यापेक्षा वर्गातल्या आणि घरातल्या मोठ्यांनी आपलं बोलणं सोपं, सावकाश आणि चित्रांच्या आधारानं करणं गरजेचं असतं, ही गोष्ट त्यातून घ्यावी.

सोबतीनं शिकण्याची मुळं फार खोल आहेत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं, की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकतात. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर शिकत नाहीत. २०१८ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं व्हिडिओसमोर एकाऐवजी दोन बाळं बसवली. या वेळी मेंदूच्या प्रतिसादांत नवे ध्वनी शिकल्याच्या खुणा एकट्या बाळांपेक्षा सोबत असलेल्या बाळांमध्ये अधिक दिसल्या. शेजारी आपल्यासारखंच कुणी आहे, एवढ्यानंही शिकण्याला बळ मिळतं.

ग्रुपमध्ये आणखी एक गोष्ट मिळते, ती एकट्याच्या खोलीत मिळणं कठीण. थेरपिस्टचा कान तयार असतो. मुलाचा अर्धा शब्दही त्यांना कळतो. आईला तर शब्दाचीही गरज पडत नाही. शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला मात्र कळत नाही. ती सरळ विचारते, ‘काय म्हणालास?’ आणि मग नीट, पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगण्याचं खरं कारण तयार होतं. तोतरेपणामुळे मागे मागे राहणाऱ्या मोठ्या मुलांना तर ‘असं बोलणारा मी एकटाच नाही’ हे कळणंच मोठा आधार असतो.

अर्थात ग्रुप म्हणजे मुलांची बेरीज नव्हे. वय, समज आणि उद्दिष्ट जवळपास सारखं असलेली तीन-चार मुलं एकत्र बसली, तर तो ग्रुप. केवळ वेळ जुळली म्हणून एकत्र बसवलेल्या मुलांचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो.

तिसरी जागा घराची. सिडनीत तयार झालेल्या ‘लिडकोम’ पद्धतीत अडखळणाऱ्या लहान मुलांचे आईवडीलच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोज घरी उपचार करतात. हीच पद्धत कुटुंबांचे गट करून शिकवली, तेव्हा परिणाम तसेच राहिले आणि तज्ज्ञांचे तास जवळपास निम्म्यावर आले. आपल्या शेजारी, गोव्यातही एक मोलाचं काम झालं. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांच्या पालकांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी मुलाशी संवाद कसा जुळवावा हे शिकवलं. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलानं अधिक घेऊ लागले आणि मुलं आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. थेरपिस्ट गाठायला तालुक्याहून जिल्ह्याला एस.टी.नं जावं लागणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी हा निष्कर्ष फार आशेचा आहे.

मग निवड करायची कशी? सगळ्यात आधी श्रवण तपासणी. ऐकूच कमी येत असेल, तर पुढचा सगळा विचार बदलतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते. त्यानंतर थेरपिस्टना विचारावं: येत्या तीन महिन्यांत माझ्या मुलानं नेमकं काय शिकावं? अर्ध्या तासात त्याला बोलण्याची संधी किती वेळा मिळेल? ग्रुपमधली इतर मुलं कशी आहेत? आम्ही घरी काय करायचं? आणि हा निर्णय पुन्हा कधी तपासायचा? ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ हे आजीचं वाक्यही तिथे जरूर सांगावं. आजी ते धीर द्यायला म्हणते. तज्ज्ञांच्या दृष्टीनं मात्र ती महत्त्वाची माहिती असते, कारण भाषेच्या अडचणी अनेकदा घराण्यात चालत आलेल्या असतात. या वाक्यावर विसंबून तपासणी लांबवू नये.

आपला ‘तार’वाला मुलगाही असाच टप्प्याटप्प्यानं पुढे जाईल. काही आठवडे एकट्यानं बसून त्याची जीभ मागे सरकायला शिकेल. मग तो तीन मुलांसोबत खेळायला बसेल. घाईत पुन्हा ‘तार’ निघून जाईल, समोरची मुलगी तारेचं चित्र पुढे करेल. तो क्षणभर थांबेल, जीभ जुळवेल आणि म्हणेल, ‘कार दे.’ ती काहीही न विचारता कार त्याच्याकडे सरकवेल. त्या कारपर्यंत पोहोचायला त्याला दोन्ही खोल्या लागल्या.